पाद्री गुरुवारी येतो

पाद्री दर गुरुवारी अकराच्या सुमाराला जेवायला यायचा, हे मला पाच वर्षं माहीत होतं. माझ्या नवऱ्याला मी ते सांगितलं नाही. आमच्या भागात बाईने नवऱ्यापासून दुसरं काहीही लपवलं तर लोक समजून घेतील. पण दहा टोकांच्या शिंगांचा नर लपवला हे कळलं असतं, तर रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नसतं.

पाद्री म्हणजे हरीण. गळ्याखाली पांढरा पट्टा सगळ्याच हरणांना असतो, याचा जरा जास्तच रुंद होता, पाद्र्याच्या कॉलरसारखा. हे नाव हिल्मारने ठेवलं. हिल्मार माझा नवरा. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अगदी अंधार पडता पडता त्याने त्या नराला मचाणावरून एकदाच पाहिलं, तेही पाठ फिरवता फिरवता. तेव्हापासून दर फेब्रुवारीत त्याची गळून पडलेली शिंगं तो झाडीत शोधून आणायचा आणि गॅरेजच्या भिंतीवर ओळीने ठोकायचा. शिंगं दर वर्षी हाती लागत होती, हरीण काही लागत नव्हतं.

आमची जमीन दोनशे दहा एकर, त्यात खडक जास्त आणि माती कमी. शेळ्या आम्हाला पोसतात आणि हरणं आम्हाला वेड लावतात. टेक्सासमध्ये स्वतःच्या जमिनीवर मका टाकून हरीण मारायला कोणाची ना नाही, त्यामुळे इथे ज्याच्याकडे तारेचं कुंपण आहे त्याच्याकडे फीडरही आहे. फीडर म्हणजे तीन लोखंडी पायांवर उभं केलेलं पिंप. पिंपाच्या बुडाला फिरकी, फिरकीला बॅटरी आणि बॅटरीला घड्याळ. सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेचारला फिरकी घर्रर्र करते आणि सात सेकंद मका चहूकडे उडवते. समोर शंभर पावलांवर हिल्मारचं मचाण: चार खांबांवर पत्र्याची खोली आणि आत बँकेने भंगारात काढलेली एक फिरती खुर्ची. फिरकीची वेळ लावणं, मचाणावर बसणं आणि नेम धरणं ही हिल्मारची कामं. पन्नास पौंडांची पोती उचलणं, पिंप भरणं, बॅटरी बदलणं, रात्री मका चोरायला येणाऱ्या रॅकूनने कुरतडलेली वायर जोडणं आणि रानडुकरांनी वाकवलेली जाळी सरळ करणं ही माझी. हे वाटप कोणी आणि कधी केलं ते विचारू नका, लग्नाच्या शपथेत तरी ते नव्हतं.

हिल्मारची त्या यंत्रावर भारी श्रद्धा. हरीण आवाजाला येतं, घर्रर्र झालं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, असं तो म्हणायचा. पाद्री येत नाही म्हटल्यावर त्याने वेळ पाव तास पुढे घेतली, मग अर्धा तास मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी शिकार उघडते आणि बहुतेक वर्षी दुसऱ्याच दिवशी सरकार सगळ्यांची घड्याळं एक तास मागे घेतं. हरणांना कुठलं वॉशिंग्टनचं घड्याळ कळायला? हिल्मार दर वर्षी त्या रविवारी शिडी, टॉर्च आणि चष्मा घेऊन फीडरपाशी जायचा, घड्याळ सरकारच्या वेळेवर ठेवावं की हरणांच्या यावर स्वतःशीच भांडायचा आणि बटणं इतकी दाबायचा की एका वर्षी फिरकी मध्यरात्री फिरत होती. तो मोसम रॅकूनांनी साजरा केला.

त्या नराचं गणित साधं होतं. घर्रर्र झालं की समोरच्या पत्र्याच्या खोलीत माणूस असतो, हे त्याने पहिल्याच वर्षी ओळखलं असावं. आणि माझी जुनी पांढरी पिकअप गाडी आली की खोली रिकामी असते, हेही.

गुरुवारी गावात शेळ्यामेंढ्यांचा लिलाव असतो. विकायला काही असो नसो, हिल्मार सकाळी आठलाच निघायचा आणि तिथल्याच खानावळीत जेवून दुपारी परतायचा. म्हणून फीडर भरायचा माझा दिवस गुरुवार. पाच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, गाडीच्या मागच्या भागात उभी राहून मी पिंपात मका ओतत होते, तेवढ्यात पोतं फाटलं आणि अर्धा मका खाली सांडला. आता गोळा कोण करणार म्हणून मी गाडीत जाऊन बसले आणि डबा उघडला. पहिला घास तोंडात असतानाच तो देवदारांच्या झाडीतून बाहेर आला. भर उन्हात, तीस पावलांवर. त्याने गाडीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि निवांत खायला लागला. मी चावायचं थांबले. एवढा मोठा नर मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, कारण मचाणावर मला कोणी बोलावलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारपासून मी तीन डबे मका मुद्दाम खाली सांडायला लागले. तो यायला लागला. कधी एकटा, कधी दोन माद्यांच्या मागून.

पहिल्या दिवशी मी हिल्मारला सांगणारच होते. पण लिलावाहून आला की तो बोलत नाही. तसा तो वर्षभरच बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, माणूसच तसा. शेळी व्याली, पाऊस आला, पंप बिघडला, एवढं सांगून झालं की तोंडाला कुलूप. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी भिंतींशी बोलून काढली आहेत. फक्त शिकारीच्या दोन महिन्यांत त्याला कंठ फुटतो. संध्याकाळी मचाणावरून आला की टोपी खुंटीला लावून स्वयंपाकघरात बसायचा, सुकवलेल्या सॉसेजचे काप करायचा आणि सांगायला लागायचा. वारा कुठला होता, माद्या किती आल्या, कोल्हा कसा बिचकत गेला, ओढ्याकडे एक फांदी मोडली ती पाद्रीनेच मोडली असणार. त्या वर्षी पहिल्या शनिवारी तो पाऊण तास बोलला. मी कांदा चिरायचा सोडून ऐकत बसले. मग मी काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही आणि नंतरही नाही.

हिल्मारचा धाकटा भाऊ अर्विन आमच्याबरोबर शिकार करतो. त्याला यंत्रांचा सोस. एका वर्षी त्याने फीडरसमोर झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. हिल्मारला ते आवडलं नाही, कॅमेरा लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणं असं त्याचं मत. मलाही आवडलं नाही, माझी कारणं वेगळी होती. दर गुरुवारी काम सुरू करण्याआधी मी माझी टोपी त्या कॅमेऱ्यावर अडकवायचे आणि निघताना काढून घ्यायचे. अर्विन महिनाभर डोकं खाजवत राहिला. दर गुरुवारी दुपारीच याला अंधारी कशी येते, असं म्हणून शेवटी त्याने तो कॅमेरा दुकानात परत दिला.

हे सगळं असंच चाललं असतं. पण या सप्टेंबरात हिल्मार मचाण साफ करायला चढला, दार उघडलं आणि आत तांबड्या गांधीलमाश्यांचं पोळं. वरून तिसऱ्या पायरीवरून तो खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. सॅन अँटोनियोला ऑपरेशन झालं, आत सळई घातली, हातात वॉकर आला. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्याने स्पष्ट सांगितलं की यापुढे शिडी नाही. 'यापुढे' हा शब्द हिल्मारने ऐकला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होते.

घरी आल्यावर त्याने खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावली. खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवर मचाणाचं छप्पर दिसतं. दिवसभर टीव्हीवर हवामान बघायचा, कुठलंकुठलं, ज्या गावात आमचं कोणी नाही तिथलंही. मी विचारलं तर हो किंवा नाही. नोव्हेंबर आला, शिकार उघडली आणि माझ्या स्वयंपाकघरात कोणी बोलायला बसलं नाही. मला आधी त्याची दया आली, मग राग आला, मग भीती वाटायला लागली. गप्प माणूस आणि विझत चाललेला माणूस यांतला फरक मला आता कळत होता.

अर्विन शनिवारी यायचा, हिल्मारच्या मचाणावर बसायचा आणि दहा वाजता रिकाम्या हाताने कॉफीला यायचा. मग दादाला खुलवायला त्याची टवाळी. तुझ्या त्या खुर्चीवर बसून माझीच पाठ मोडली, तू हरणांची वाट बघत होतास की बँक मॅनेजरची, वगैरे. हिल्मार हसायचा नाही. तिसऱ्या शनिवारी अर्विनने बातमी आणली. पलीकडच्या शेजाऱ्याने पाद्रीला रस्त्याकडेला पाहिलं होतं.

"वाळलाय पार," अर्विन म्हणाला. "बरगड्या मोजून घ्याव्यात. दात गेले असणार. ही थंडी काही तो काढत नाही."

हिल्मार टीव्हीकडेच बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ती रायफल घेऊन जा तू."

"कुठली?"

"बाबांची. मला आता काय करायचीय?"

अर्विन कुठल्याही गोष्टीवर विनोद करतो, अंत्यसंस्कारातही केलेला आहे. त्या दिवशी त्याला सुचला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कपबशा उचलल्या. पुढच्या शनिवारी नेतो, बघू, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

म्हणजे माझ्या हातात एक गुरुवार होता. मला माहीत होतं, ती रायफल एकदा या घरातून गेली की तिच्याबरोबर हिल्मारही गेल्यात जमा. त्याला खुर्चीतून उठवेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती दाखवायची म्हणजे पाच वर्षांची लबाडी कबूल करायची. शिवाय ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता त्याच्यावर नेम धरायला लावायचं. चार दिवस मी फरश्या पुसल्या. एकच फरशी तीनतीनदा.

गुरुवारी सकाळी मी म्हटलं, "फीडर भरायचाय. चल बरोबर."

"मी काय करू येऊन?"

"गाडीत बस. मला पोती जड होतात आता." पोती मला अजिबात जड होत नाहीत.

तो उठला. कदाचित नाही म्हणण्याचाही त्याला कंटाळा आला असावा. मी दारात त्याच्यापुढे माझं मक्याला जायचं जाकीट धरलं.

"हे घाल."

"जांभळं?"

"याला मक्याचा वास आहे. तुझ्याला तुझा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. पन्नास वर्षं शिकार केलेल्या माणसाला वासाबद्दल बोललेलं कळतं. मग त्याने जांभळ्या जाकिटात हात घातले. बाह्या त्याला कोपरापर्यंतच आल्या. मग मी आत जाऊन रायफल आणली आणि सीटच्या मागे ठेवली. तेही त्याने पाहिलं. गाडीत बसून हरीण मारतो त्याला तो शिकारी म्हणत नसे, गिऱ्हाईक म्हणायचा. मला वाटलं आता उतरेल. तो पट्टा लावून समोर बघत बसला.

मी नेहमीच्या जागी गाडी लावली, त्याच्या बाजूची काच खाली केली.

"वारा उत्तरेचा आहे," तो म्हणाला. "आपला वास सरळ झाडीत जातोय. इथे लावतेस गाडी?"

"इथेच लावते."

"मग काही येणार नाही."

मी मागे चढले, पिंपाचं झाकण उघडलं, दोन पोती ओतली, तीन डबे खाली सांडले. सगळं नेहमीसारखं. मग गाडीत येऊन बसले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एक खार आली. हिल्मार घड्याळाकडे बघत नव्हता, पण त्याच्या बोटांची चुळबुळ मला दिसत होती. पाद्री पाच वर्षांत इतका उशिरा कधी आला नव्हता. शेजाऱ्याने पाहिल्यानंतर तो मेला असेल, किंवा हिल्मारचाच वास लागला असेल, असं मनात येत होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आज मी बोललेच नाही.

पिंप भरताना मी बोलत असते. आधीपासून, अगदी पोतं फाटलं त्या दिवसापासून. घरात ऐकणारं कोणी नसलं की माणूस कुठेतरी बोलतोच. मी मका ओतता ओतता मोठ्याने बोलायचे, मग गाडीत बसूनही बोलायचे, आणि तो झाडीतून माझा आवाज ऐकत यायचा. आज नवरा शेजारी बसला म्हणून मी तोंड मिटून काम केलं होतं. तो मक्याला येत नव्हता, गाडीलाही येत नव्हता. इतकी वर्षं मका मी टाकत होते आणि आमिष मीच होते, हे मला तिथे बसून कळलं.

तेव्हा बोलणं भाग होतं. पण हिल्मारसमोर बोलायचं काय? चर्चमधल्या गायनाची वर्गणी? मी समोरच्या काचेकडे बघत सुरुवात केली.

"हिल्मार, मी आता बोलणार आहे. तू गप्प बसून ऐक, त्यात तू तरबेज आहेस. पाद्री इथे येतो. दर गुरुवारी, तू लिलावाला गेलास की. अकराच्या सुमाराला येतो आणि मी सांडलेला मका खातो."

तो अगदी हळू म्हणाला, "किती दिवस?"

"पाच वर्षं."

"पाच वर्षं मी त्या पत्र्यात बसलोय."

"हो."

"थंडीत. पावसात."

"हो. आणि डबा मीच देत होते बरोबर."

त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली. तो खरोखर रागावला की असाच होतो, आवाज वाढत नाही. "का?" त्याने विचारलं.

मी ठरवलं होतं की काहीतरी बरं कारण देईन. हरीण देखणं होतं, मारवेना, असं काहीतरी. पण बोलायला लागल्यावर खरंच बाहेर आलं.

"कारण तू घरी येऊन बोलायचास. वर्षाचे दहा महिने तू माझ्याशी शेळ्या आणि पावसाखेरीज बोलत नाहीस, हिल्मार. मी तक्रार केली नाही, आता करते. नोव्हेंबर लागला की तू यायचास, टोपी काढायचास आणि माझ्याशी बोलायचास. त्याच्याबद्दल बोलायचास, पण माझ्याशी. मी वर्षभर त्या दोन महिन्यांची वाट बघायचे. पहिल्याच वर्षी तुला सांगितलं असतं, तर तू त्याला पहिल्याच वर्षी मारलं असतंस. मग तू काय बोलला असतास? मला दुसरं काही माहीत नव्हतं तुला बोलतं ठेवायला. मी स्वार्थीपणा केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

झाडीत हालचाल झाली. आधी एक मादी आली, मग तिच्या मागून तो. अर्विन म्हणाला ते खरं होतं. पाठीचा कणा वर आला होता, मागचा डावा पाय तो जपून टाकत होता. शिंगं मात्र तशीच. तो उन्हात येऊन उभा राहिला आणि गाडीकडे कान करून ऐकायला लागला.

मी आवाज बदलला नाही. "तो आलाय," मी म्हटलं. "तुझ्या बाजूला, ओकच्या झाडाच्या डावीकडे."

हिल्मारने मान न वळवता डोळे वळवले. मग त्याने हात मागे नेला, रायफल इतक्या सावकाश पुढे घेतली की मला मधल्या काळात तीनदा वाटलं, हा मारणार नाही. नळी खिडकीवर टेकली. पाद्रीने मान वर केली.

"बोलत राहा," हिल्मार म्हणाला.

त्रेचाळीस वर्षांत असं तो मला पहिल्यांदा म्हणाला. मी बोलत राहिले. काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "आता मार त्याला. तो म्हातारा झालाय आणि त्याला खाता येत नाहीये. आणि तुझं म्हणशील तर तू आता तसाही बोलत नाहीस. खुर्ची उलटी करून बसतोस. मग मी त्याला कोणासाठी राखू?"

पाद्रीने मान खाली घातली, एक दाणा उचलला. माझा आवाज चालू होता म्हणून तो निर्धास्त होता. हिल्मारने गोळी झाडली.

तो जागीच बसला, मग आडवा झाला. मादी पांढरी शेपटी उंचावून पळाली. मी रडले, लपवत नाही. आयुष्यात मी शेकडो हरणं सोलली, त्यांचं सॉसेज केलं, एकासाठीही डोळे ओले केले नाहीत. पण हा माझ्या आवाजाला आला होता. हिल्मारने रायफल खाली ठेवली आणि त्याचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

त्याला उतरता येत नव्हतं, म्हणून मी गेले. ओठ उचलून पाहिलं तर दाढा हिरडीपर्यंत झिजलेल्या. महिना, फार तर दीड महिना काढला असता. ते बघून मला फार बरं वाटलं असं नाही, पण थोडं वाटलं. मी सुरी काढली. हिल्मार खिडकीतून सूचना द्यायला लागला, वरून सुरुवात कर, धार बाहेरच्या बाजूला ठेव. मी म्हटलं, मला येतं. तरी तो देतच राहिला आणि मी देऊ दिल्या.

फोन केल्यावर अर्विन अर्ध्या तासात आला. त्याने आधी हरीण पाहिलं, मग गाडी, मग गाडीतलं जांभळं जाकीट. तोंड उघडलं आणि हिल्मारने बोट वर केलं.

"एक शब्दही नको."

"मी काही बोललोच नाही."

"नेल्डाने बोलावलं त्याला," हिल्मार म्हणाला. "पाच वर्षं येत होता हिच्याकडे. दर गुरुवारी."

अर्विन जरा वेळ हिशेब करत राहिला. मग माझ्याकडे वळला. "दर गुरुवारी? म्हणजे माझा तो कॅमेरा..."

"टोपी माझी होती," मी म्हटलं. त्या दिवशी रायफल नेण्याचा विषय त्याने काढला नाही आणि शनिवारीही काढला नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही जेवायला बसलो. ताजं काळीज कांद्यावर परतलं होतं, बरोबर पाव. हिल्मार मान खाली घालून जेवत होता. टीव्ही बंद होता, पण तो मी बंद केला होता. आता मला भीती वाटायला लागली. राग येणार असेल तर आता येईल, असं मनात होतं. आणि राग नाही आला तरी काय? जे एक बोलायला होतं ते गॅरेजमध्ये उलटं टांगलेलं होतं. माझ्याच हाताने मी ते संपवलं होतं. उद्यापासून शेळ्या आणि पाऊस.

त्याने पावाने ताट पुसलं. "पहिल्या दिवशी वारा कुठला होता?" त्याने विचारलं.

"कुठल्या पहिल्या दिवशी?"

"तो पहिल्यांदा आला तेव्हा."

मी सांगितलं, दक्षिणेचा. तो म्हणाला, मग ओढ्याकडून आला असणार. मी म्हटलं नाही, देवदारांतून. त्याने ते मान्य केलं नाही, मी काटा आणि सुरी ठेवून जागा दाखवली, तेव्हा केलं. मग किती वेळ थांबला, आधी काय खाल्लं, कान कुठे होते. मी सांगत गेले आणि तो विचारत गेला. एवढं सगळं मी पाहिलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

"आणि तू बोलत होतीस?" त्याने विचारलं. "त्या पहिल्या दिवशीही?"

"हो."

"काय बोलत होतीस?"

"ते हरणाचं नाही. तुला कंटाळा येईल."

"मी कुठे जाणार आहे?" तो म्हणाला, आणि वॉकरकडे बोट केलं.

तेव्हा मी सांगितलं. त्या ऑक्टोबरात मी पडद्याचं कापड आणायला म्हणून एकटीच सॅन अँटोनियोला गेले होते, ते कापडासाठी नव्हतं. छातीत गाठ लागली होती. तुकडा काढून तपासायला दिला होता आणि उत्तर यायला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांतला तो गुरुवार. पोतं फाटलं कारण माझे हात जागेवर नव्हते. मी त्या पिंपाला, झाडीला, कोणाला तरी मोठ्याने सांगत होते की मला मरायचं नाही. गाठ साधी निघाली. तोवर शिकार उघडली होती, आणि मग सांगायचं राहून गेलं.

हिल्मारने हातातला पाव ताटात ठेवला. बराच वेळ त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"कसं असणार?" मी म्हटलं. "तू मचाणावर होतास."

त्याने खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. मग मी त्याला दुसरा गुरुवार सांगितला.